मुळाशी आलेला पाहुणा

रब्बीची तयारी सुरू झाली आहे. कुणाच्या घरी हरभऱ्याचं बियाणं येऊन पडलंय, कुणाची टोमॅटो-मिरचीची रोपं गादीवाफ्यावर आहेत. या दिवसांत गटांच्या बैठकीत एक तक्रार हमखास ऐकू येते. "ट्रायकोडर्माचं पाकीट आणलं, पैसे घातले, तरी हरभऱ्याला मर लागलीच."

त्यावर आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. कधी टाकलं? आणि उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं असतं. रोपांनी माना टाकायला सुरुवात केली तेव्हा.

यात त्या बाईला बोल लावण्यासारखं काही नाही. दुकानात ते पाकीट औषधांच्या फळीवर असतं. देणारा म्हणतो, "हे घ्या, बुरशीचं औषध." औषध आपण दुखणं आल्यावरच घेतो. पण या पाकिटात असते ती स्वतःच एक जिवंत बुरशी, आणि तिचं निम्मं काम ती स्वतः करतच नाही. ते काम झाड करतं. ती फक्त झाडाला जागं करते. म्हणून आज आपण पाकिटावर कमी आणि झाडावर जास्त बोलणार आहोत. मुळाशी चांगली बुरशी आली की झाडाच्या आत नेमकं काय घडतं, हे एकदा समजलं की केव्हा टाकायचं आणि केव्हा पैसे वाचवायचे, हे कुणाला विचारावं लागत नाही.

आधी जनुक म्हणजे काय, तेवढं पाहू. समजा, घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक जाडजूड वही आहे. तिच्यात पुरणपोळीपासून बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवापर्यंत सगळं लिहिलेलं आहे. वही कायम घरात असते, पण रोज सगळी पानं उघडत नाहीत. दिवाळीला एक पान उघडतं, बाळंतपणाला दुसरं. झाडाच्या प्रत्येक पेशीत अशी एक वही आहे. तिच्यातली एकेक कृती म्हणजे एकेक जनुक. मुळाच्या पेशीत आणि पानाच्या पेशीत वही तीच, उघडी असलेली पानं मात्र वेगळी. या वहीत बरीचशी पानं बचावाची आहेत. बुरशीचं अंग विरघळवणारा रस कसा करायचा, पेशीची भिंत जाड कशी करायची, अळीच्या पोटात अन्न पचू नये म्हणून पानात काय मिसळायचं, हे सगळं झाडाला येतं. आपल्यासारखं त्याला पळून जाता येत नाही, म्हणून त्याची वही जाडच असणार.

पण ही पानं सदासर्वदा उघडी ठेवणं झाडाला परवडत नाही. बचावाला अन्न लागतं, आणि ते अन्न वाढीतून आणि दाण्यातून कापलं जातं. रात्रंदिवस दारात राखण करत बसलं तर शेतात कोण जाणार? म्हणून झाड पान उघडतं ते गरज पडली की. आणि बरेचदा उघडायला उशीर होतो. मर रोगाची बुरशी जमिनीतून मुळात शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत पोचते, आणि झाड सावध होईपर्यंत नळ्या तुंबलेल्या असतात. वरून आपल्याला दिसतं ते एवढंच, की काल हिरवं असलेलं रोप आज सुकलं.

आता ट्रायकोडर्माकडे येऊ. ही बुरशी आपल्या मातीत मुळातच असते. शेणखताच्या ढिगात, कुजक्या लाकडावर हिरवट भुकटीसारखी दिसते, तिच्यात हिची बरीच वाणं असतात. १९३२ साली रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने दाखवलं, की ही बुरशी जमिनीतल्या दुसऱ्या रोगट बुरशीवर तुटून पडते, तिला विळखा घालते आणि तिच्यावरच जगते. त्यानंतर कितीतरी वर्षं सगळ्यांची समजूत हीच राहिली, की ट्रायकोडर्मा म्हणजे शत्रूला खाणारी बुरशी. ते खरंही आहे. पण तेवढंच खरं नाही.

बेल्जियममधल्या घेंट इथल्या शास्त्रज्ञांनी १९९८ साली एक साधी युक्ती केली. ट्रायकोडर्मा घातली घेवड्याच्या मुळाशी, मातीत. रोग लावला वर, पानावर, करड्या बुरशीचा. दोघींची गाठच पडणार नाही अशी व्यवस्था. तरीही पानावरचा रोग कमी झाला. मग रोग अडवला कुणी? मुळाशी असलेली बुरशी तर वर आलीच नव्हती. अडवला तो झाडाने. मुळाला काहीतरी कळलं, आणि मुळाने पानाला कळवलं. पुढच्याच वर्षी, १९९९ ला, इस्रायलमध्ये काकडीच्या रोपांवर काम झालं. मुळाला ट्रायकोडर्मा लावलेल्या रोपांच्या मुळातही आणि पानातही बुरशीचं अंग विरघळवणारा कायटिनेज नावाचा रस वाढलेला सापडला. मूळ कापून जबर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. बुरशी मुळाच्या फक्त बाहेरच्या थरांत होती. आणि जिथं ती होती, तिथं झाडाने आपल्या पेशींच्या भिंती जाड करून घेतल्या होत्या.

म्हणजे पाहुणी ओसरीवर, आणि माजघराचं दार लावलेलं!

हे चित्र आम्हाला फार बोलकं वाटतं. आपण समजतो, की बुरशी चांगली आहे हे झाडाला ठाऊक असेल आणि ते तिला हात पसरून आत घेत असेल. तसं होत नाही. बुरशीच्या अंगात कायटिन नावाचा पदार्थ असतो. कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचात असतो, तोच. चांगली बुरशी असो की वाईट, कायटिन दोघींत असतं. मुळाच्या पेशीवर हा कायटिन ओळखणारे पहारेकरी बसलेले आहेत. त्यांना वास लागला की झाड पहिल्यांदा सावधच होतं. बचावाची काही पानं उघडतात. मग हळूहळू खूण पटते आणि यातली बरीच पानं पुन्हा मिटतात. सगळी मात्र मिटत नाहीत.

ती सगळी मिटली तर काय होईल, तेही पाहून झालं आहे. स्पेनमधल्या सालामांका इथल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या बारीकशा तणावर प्रयोग केला. या तणाचं एक वाण असं होतं, की त्याच्या वहीतलं बचावाचं एक महत्त्वाचं पान बिघडलेलं होतं. त्यामुळे त्याला सॅलिसिलिक आम्ल पुरेसं करता येत नव्हतं. हे आम्ल म्हणजे डोकेदुखीवरच्या ॲस्पिरिनच्या जवळच्या नात्यातलं. झाडं ते धोक्याची घंटा म्हणून वापरतात. निरोगी तणाच्या मुळाशी ट्रायकोडर्मा घातली, ती बाहेरच्या थरांत राहिली, काही बिघडलं नाही. बिघडलेल्या वाणाच्या मुळाशी तीच ट्रायकोडर्मा घातली, तेव्हा ती थेट आतल्या नळ्यांत शिरली आणि झाड मेलं. बुरशी तीच, पाकीट तेच. फरक एवढाच, की एकीकडे उंबऱ्यावर कुणीतरी होतं आणि दुसरीकडे नव्हतं.

मग या चांगल्या बुरशीचा झाडाला उपयोग काय? तर हीच ओळख. एकदा पाहुण्याची उलटतपासणी करून झाली, की झाड पूर्ण झोपत नाही. काही करतही नाही, पण तयारीत राहतं. दिव्यात तेल घातलं, वात वळून ठेवली, काड्यापेटी शेजारी ठेवली. दिवा अजून लावलेला नाही, तेल जळत नाही. पण लाइट गेली की चाचपडावं लागत नाही, काडी ओढली की उजेड. ज्या झाडाने ही तयारी केलेली नसते, त्याचं सगळं शोधण्यापासून सुरू होतं, आणि तेवढ्या वेळात चोर घरात शिरून जातो. काकडीवर पुढं जे प्रयोग झाले, त्यांत हेच दिसलं. नुसती ट्रायकोडर्मा असताना बचावाची जनुकं थोडीशीच हलत होती. पण नंतर रोगाचे जिवाणू पानावर सोडले, तेव्हा तयारीतल्या रोपांनी साध्या रोपांपेक्षा जास्त जोरात उत्तर दिलं.

आता कळलं ना, माना टाकलेल्या हरभऱ्याला पाकीट का पावत नाही? वात वळायला वेळ लागतो. ट्रायकोडर्मा मुळाभोवती वाढायला आणि झाडाची तिच्याशी ओळख व्हायला काही दिवस जावे लागतात. घरात चोर शिरल्यावर वात वळायला बसून उपयोग नाही.

मुळाशी राहणारी आणखी एक बुरशी आहे, तिचं नाव मायकोरायझा. जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८८५ साली हे नाव दिलं, अर्थ सरळ आहे, बुरशी-मूळ. आपल्या पिकांवर असते ती जात डोळ्यांना दिसत नाही. ही पाहुणी ओसरीवर थांबत नाही, तिला माजघरात जागा मिळते. कारण तिचं आणि झाडाचं नातं फार जुनं आहे. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या, दगड झालेल्या झाडांच्या अवशेषांत ती दिसते, आणि ते दगड ४० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा झाडांना अजून धड मुळंही नव्हती.

व्यवहार असा आहे. बुरशीचे धागे मुळापेक्षा कितीतरी बारीक. मूळ पोचत नाही तिथून ते स्फुरद आणतात, आणि बदल्यात झाड आपण बनवलेल्या अन्नातला वाटा देतं. हा वाटा लहान नाही, ४ पासून २० टक्क्यांपर्यंत असतो असं मोजलं गेलं आहे. एवढं द्यायचं म्हणजे झाड आधी हिशेब करणारच. म्हणून आमंत्रणही झाडच पाठवतं, आणि तेही स्फुरद कमी पडलं की. मुळातून एक वास सुटतो. त्या वासाने बुरशीच्या धाग्यांना फाटे फुटतात आणि ते मुळाकडे येतात. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली हे दाखवलं.

पण हा वास त्यांना नवा नव्हता. ज्वारीतला टारफुला तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ज्वारीच्या मुळावर चिकटून तिचं रक्त पिणारं ते तण. त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ज्वारी पेरली की बरोबर उगवतं. ते याच वासाने उगवतं. ज्वारी बोलावते बुरशीला, आणि भिंतीला कान लावून बसलेला टारफुला बिनबोलावता येतो. हलक्या, उपाशी जमिनीत टारफुला जास्त का, याचं एक कारण हेच. तिथं ज्वारी जास्त जोरात हाक मारते.

आमंत्रण दिलं तरी तपासणी आहेच. इटलीत तुरिन इथं २००५ साली लसूणघासाच्या एका भावंडावर हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. बुरशी मुळाला चिकटून थांबते. आतल्या पेशीत हालचाल सुरू होते. काही तासांत पेशी आपल्याच आत एक बोगदा बांधते, आणि मगच बुरशीला त्या बोगद्यातून वाट मिळते. म्हणजे भिंत फोडून शिरलेली नव्हे, घरच्यांनी दार उघडून आत घेतलेली. पाहुणीही काही साधीभोळी नाही. जर्मनीत २०११ साली सापडलं, की ती एक प्रथिन पुढं पाठवते. ते झाडाच्या पेशीत जाऊन बचावाची काही पानं मिटवायला लावतं. तर असं दोन्ही बाजूंनी जपून चालतं. आत गेल्यावर बुरशी पेशीत झुडपासारखी पसरते, तिथं देवाणघेवाण होते. आणि स्फुरद येईनासं झालं तर झाड ते झुडूप आवरतं घेतं. काम नाही तर मुक्काम नाही.

हरभरा, तूर, भुईमूग, सोयाबीन पिकवणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. फ्रान्समध्ये दिजाँ इथं १९८९ साली शास्त्रज्ञांनी वाटाण्याची अशी झाडं तपासली, की ज्यांच्या मुळावर रायझोबियमच्या गाठी येतच नव्हत्या. त्यातल्या बऱ्याच झाडांच्या मुळात मायकोरायझा बुरशीलाही प्रवेश नव्हता. एक पान बिघडलं आणि दोन्ही पाहुणे दाराबाहेर. त्यावरून कळलं, की गाठींचे जिवाणू आणि ही बुरशी झाडाच्या एकाच दारातून येतात. दार बुरशीसाठी फार आधी बांधलेलं. कडधान्यांच्या कुळाने नंतर तेच जिवाणूंसाठीही वापरायला घेतलं.

आता टोमॅटोकडे येऊ, कारण रोपवाटिका चालवणाऱ्या गटांनी हे नीट ऐकायला हवं. कापसावरची अमेरिकन बोंडअळी, हरभऱ्यावरची घाटेअळी आणि टोमॅटोचं फळ पोखरणारी अळी, नावं तीन पण अळी एकच. चीनमध्ये ग्वांगझौच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली याच अळीवर प्रयोग प्रसिद्ध केला. टोमॅटोच्या काही रोपांच्या मुळाशी आधीपासून मायकोरायझा, काहींच्या नाही. नुसती बुरशी असताना पानांतली बचावाची जनुकं जवळजवळ शांत होती. मग अळ्या सोडल्या. बुरशीवाल्या रोपांनी अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं करणारी पानं जास्त जोरात उघडली, आणि त्या रोपांवरच्या अळ्या नीट पोसल्या नाहीत. मग त्यांनी टोमॅटोचं असं वाण घेतलं, की ज्याला जॅस्मोनिक आम्ल नीट करता येत नव्हतं. जाई-चमेलीच्या फुलांच्या तेलात याचाच भाऊबंद पहिल्यांदा सापडला, म्हणून हे नाव. झाडाची ही दुसरी घंटा, कुरतडणाऱ्यांसाठीची. त्या वाणावर बुरशी असूनही काही फायदा झाला नाही. घंटाच नाही तर राखणदार उठणार कसे? याच विद्यापीठात टोमॅटोच्या करप्यावरही असंच दिसलं.

सूत्रकृमींच्या बाबतीत तर गंमत आहे. टोमॅटोच्या मुळावर गाठी करणारी ती बारीक अळीसारखी कीड. ट्रायकोडर्मा लावलेल्या टोमॅटोवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं, की सूत्रकृमी आत शिरताना झाड सॅलिसिलिकची घंटा वाजवतं आणि ते आत बसून गाठ करायला लागले की जॅस्मोनिकची. जशी चोराची चाल, तशी घंटा बदलते. कोणत्या फवाऱ्याला हे जमेल, सांगा.

पण मैत्रिणींनो, हे सगळं ऐकून पाकिटाला देव करू नका. काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. मावा, पांढरी माशी यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींवर मायकोरायझाचा असा परिणाम दिसतोच असं नाही. बऱ्याच प्रयोगांत तर तरतरीत रोपांवर शोषणाऱ्या किडीच जास्त सुखात राहिल्या. आणि हे प्रयोग पुष्कळसे कुंडीतले, काचघरातले आहेत. आपल्या रानात ऊन आहे, कोरड आहे, मातीत आधीच्या हजार बुरश्या आहेत. तयारीतलं झाड कमी मरतं, मरतच नाही असं नाही. ज्या रानात दरवर्षी मर येते, तिथं पहिला आधार मर रोगाला तोंड देणाऱ्या वाणाचा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची विजय आणि दिग्विजय ही वाणं त्यासाठीच आहेत. अशा वाणाच्या वहीत बचावाचं पान मुळातच पक्कं असतं. ट्रायकोडर्मा त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही.

पैसे वाचवायची एक जागाही सांगतो. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या कुळाने मायकोरायझाशी नातं केव्हाच तोडलेलं आहे. पालक आणि बीटही त्यातच. या पिकांना मायकोरायझाचं पाकीट म्हणजे पैसे मातीत. कुणी कितीही आग्रहाने दिलं तरी घेऊ नका. टोमॅटो, मिरची, वांगी, कांदा, हळद, ज्वारी, मका, कडधान्यं यांना ती चालते. ट्रायकोडर्मा मात्र कोबीलाही चालते, तिचा हिशेब वेगळा.

दुसरी जागा खताची. डीएपीच्या गोणीवर गोणी ओतली की झाडाला स्फुरद आयतं मिळतं. मग ते आमंत्रण कशाला पाठवेल आणि आपल्या अन्नातला वाटा कशाला देईल? मग मुळात बुरशी उतरत नाही, आणि तिच्याबरोबर येणारी तयारीही येत नाही. खत बंद करा असं आम्ही म्हणत नाही. माती परीक्षण करून जेवढं लागतं तेवढंच द्या, आणि मायकोरायझाचे पैसे खर्च केले असतील तर त्याच सरीत स्फुरदाचा मोठा डोस ओतू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त नुकसान करते. दुकानात सांगितलं जातं, "कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा दोन्ही चोळा, डबल फायदा." कार्बेन्डाझिम हे बुरशी मारणारं औषध आहे, आणि ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. एका हाताने पाहुणीला बोलावलं आणि दुसऱ्या हाताने तिच्या पानात विष वाढलं. दोन्हींचे पैसे दिले, आणि मिळालं एकाचंच काम. दोन्हींपैकी एक ठरवा.

पाकीट घेताना तीन गोष्टी वाचा. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीला बरोबर न्या. एक, तयार केल्याची आणि मुदत संपायची तारीख. दोन, जिवंत बीजाणूंची संख्या, तिथं सीएफयू असं लिहिलेलं असतं. ट्रायकोडर्माच्या भुकटीत ग्रॅममागे किमान २० लाख हवी. तीन, नोंदणी क्रमांक. आणि पाकीट कुठं ठेवलेलं होतं तेही पाहा. पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हात तापत पडलेल्या पाकिटात जिवंत काय उरणार? घरी आणल्यावर माठाजवळच्या गारव्यात ठेवा, खताच्या आणि औषधांच्या डब्यांपासून लांब.

हरभऱ्याची बीजप्रक्रिया करताना किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा पुरते. पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर ते धरा. गुळाचं पातळ पाणी शिंपडून बियाणं ओलसर करायचं, भिजवायचं नाही. साल निघता कामा नये, म्हणून चोळू नका, सुपात हलक्या हाताने घोळवा. मग रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावायचे. सावलीत पसरून वाळवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. रात्री करून ठेवलेलं बियाणं दोन दिवसांनी पेरू नका.

भाजीच्या रोपांसाठी ट्रायकोडर्मा बी टाकायच्या आधीच वाफ्यात गेली पाहिजे, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून आणि सावलीत आठवडाभर ओलसर ठेवून. शेणखत हे तिचं अन्न, ओल हे तिचं पाणी. कोरड्या ढेकळांवर भुकटी उधळली तर ती वाऱ्यावर जाते. मायकोरायझाही वाफ्यातच द्यावी, कारण मुळात उतरायला तिला काही आठवडे लागतात. लागवडीला रोप उपटाल तेव्हा पाहुणी आधीच मुळाशी असली पाहिजे.

मायकोरायझा दिसत नाही, मग ती आहे की नाही हे कळणार कसं, असं कुणी विचारेल. मुळं धुऊन, रसायनात उकळून, लिहिण्याची शाई आणि व्हिनेगर यांच्या मिश्रणात रंगवली, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी निळी-काळी दिसते. रसायन जपून हाताळावं लागतं, म्हणून हे घरी करू नका. पण जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे सर किंवा मॅडम असतील, तर गटाने मुळं घेऊन जावं. आपल्या बायकांनी आपल्या रानातली बुरशी एकदा डोळ्यांनी पाहावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणि पाकीट खरंच चाललं का, हे दुकानदाराला किंवा आम्हालाही विचारू नका, आपल्या रानाला विचारा. पेरताना चार ओळी बिनप्रक्रियेच्या बियाण्याच्या ठेवा. त्या बांधाकडेला नकोत, रानाच्या मधे हव्यात, आणि शेजारच्या चार ओळी प्रक्रियेच्या. दोन्हीकडे काठ्या रोवून चिंध्या बांधा, म्हणजे खुरपताना गोंधळ होणार नाही. उगवून आल्यावर दोन्हीकडची सगळी रोपं मोजा आणि गटाच्या वहीत लिहा. पुन्हा ३० व्या दिवशी आणि ४५ व्या दिवशी सुकलेली मोजा. सुकलेलं प्रत्येक रोप उपटून त्याचं मूळ आणि बुडखा उभा चिरा. आत मधोमध तपकिरी-काळी रेघ दिसली तर ती मर. अशी रोपं वेगळ्या रकान्यात लिहा. वाळवीने, पाणी साचून किंवा खुरप्याने गेलेली त्यात धरू नका.